पोराच्या पहिल्या प्रोजेक्टसाठी जुनी पिकअप घेताना काय बघायचं

माझ्या भाच्यानं पंधराव्या वर्षी हट्ट धरला की मला जुनी पिकअप घ्यायचीय आणि ती मीच दुरुस्त करणार, ताई आणि भावजींना त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडं आलं, मग त्याचं बघून त्याच्या दोन मित्रांनाही तेच हवं झालं, आणि असं करत करत बऱ्याच गाड्यांच्या खाली आडवं पडून झालंय. त्यातनं जे कळलं ते पहिल्यांदाच यात पडणाऱ्यांसाठी लिहितोय, तुम्ही पालक असा नाहीतर स्वतः ते पोरगं किंवा पोरगी असा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकीचं सगळं तिच्यावरच आहे. गाडी घेताना पत्रा आणि चासी बघून घ्या, इंजिनाचं नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, बोनेट उघडून अर्धा तास इंजिन ऐकत बसतात आणि खाली वाकून बघतच नाहीत. जुन्या पिकअपचं इंजिन खोलता येतं, डोळ्यांनी बघून समजतं, पार्ट मिळतात, अगदीच गेलं तर दुसरं आणून बसवता येतं, आणि हे सगळं करताना पोरगं शिकतं. पण चासी सडलेली असेल किंवा केबिन खालून गेलेली असेल तर ते कापाकापीचं आणि वेल्डिंगचं काम, नवख्या हाताला न झेपणारं, आणि बाहेर करून घ्यायला गेलात तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातं. मी बघितलेले जे प्रोजेक्ट अर्ध्यात बंद पडले त्यातले बरेचसे गंजापायी बंद पडले.

पिकअपच का, कार का नाही, असं बरेच जण विचारतात. चासी वेगळी, तिच्यावर केबिन वेगळी, मागचा हौदा नुसत्या बोल्टांवर बसवलेला, त्यामुळं एकेक भाग सुटा करून बघता येतो. आत एक सीट, दोन दारं, ट्रिम जवळपास नाहीच. आणि बोनेटखाली एका लायनीतलं सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर बाजूला इतकी जागा असते की दोन्ही हात आत घालून पाना फिरवता येतो. शिकायला असली गाडी फार बरी.

आधी घरात बसून ठरवा

गाडी चालत-चालत दुरुस्त करायची का पूर्ण खोलून परत उभी करायची, हे पहिलं ठरवा. माझं मत सरळ आहे, पहिली गाडी चालती घ्या. म्हणजे चकाचक नको, पण स्टार्ट होते, गिअर पडतात, अंगणात मागेपुढे होते इतपत. कारण या वयात पोराला दर थोड्या दिवसांनी काहीतरी झालेलं दिसावं लागतं. ब्रेक नीट झाले, चक्कर मारली, मग पुढचं काम, असं चाललं तर दोन वर्षं सुद्धा टिकतं. सगळी गाडी एकदम खोलून बोल्ट डब्यांत भरून ठेवले की पुढच्या परीक्षेपर्यंत कुठला बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही.

पैशाचं म्हणाल तर जेवढे आहेत तेवढ्यांची गाडी घेऊ नका. मी अर्धे गाडीला आणि अर्धे नंतरच्या कामाला असं धरतो. टायर, ब्रेक, बॅटरी, पेट्रोलचे पाइप, बेल्ट, ऑइल, हे कुठल्याही जुन्या गाडीला लागतंच, विकणारा काहीही म्हणो. पोराचे स्वतःचे थोडे तरी पैसे त्यात असू देत, मग बघा हत्यारं कशी पुसून जागेवर जातात.

आणि जागा. वरून छप्पर आणि खाली सपाट पक्की जमीन हवी. मातीवर जॅक लावायचा नाही, या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

कुठली गाडी बघायची

अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीची एफ-१०० ही पिकअप १९५३ साली आली आणि पुढं बरीच वर्षं चालली. गोल भुवयांच्या पन्नाशीच्या दशकातल्या गाड्या दिसायला सुंदर, पण त्यांच्या मागं हौशी लोक खूप, त्यामुळं स्वस्त मिळणं अवघड. तुम्ही १९६७ ते १९७२ आणि १९७३ ते १९७९ या दोन पिढ्या बघा, आणि बजेट अजून कमी असेल तर १९८० ते १९८६ ची. यांत ३०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं तर सोडू नका. हे इंजिन १९६५ ला आलं आणि १९९६ पर्यंत बनत होतं, त्यात टायमिंगला चेन नाही, थेट गिअर आहेत, आणि त्याचा स्वभाव इतका सोशिक की कार्बोरेटर जरा इकडंतिकडं असला तरी चालत राहतं. लोक आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाच्या मागं पळतात, आवाजासाठी, पण शिकायला सहा सिलिंडर बरं आणि त्याच गाडीची व्ही-८ पेक्षा किंमतही बहुतेक वेळा कमी असते.

शेवरोलेत सी-१० म्हणजे दोन चाकांना ड्राइव्ह, के-१० म्हणजे चारही चाकांना. १९६७ ते १९७२ ची पिढी सगळ्यात लाडकी, म्हणून महाग. १९७३ ते १९८७ ची चौकोनी तोंडाची जी आहे ती खूप बनली, अजून भरपूर शिल्लक आहे, आणि तिचे नवे बनवलेले पत्रे, दारं, फ्लोअर, रबरं जवळजवळ सगळी मिळतात. माझ्या हिशेबात पहिल्या प्रोजेक्टला हीच सगळ्यात सोयीची. जीएमसीच्या नावानं तीच गाडी मिळते, ग्रिल वेगळी, आणि कधीकधी थोडी स्वस्त जाते कारण लोक शोधताना फक्त शेवरोले टाकतात.

डॉजच्या डी सिरीजकडं फार कुणी बघत नाही आणि म्हणूनच तुम्ही बघा. तिच्यातलं २२५ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन एका बाजूला ३० अंश कललेलं असतं, टिकायला एकदम दणकट. फक्त पत्र्याचे पार्ट शोधायला जास्त फिरावं लागतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या पिकअप १९७५ ला बंद झाल्या, गाडी चांगली आहे, पण पार्टांसाठी महिनेच्या महिने थांबायची तयारी पाहिजे, पहिल्या गाडीला मी नको म्हणेन.

छोट्या जपानी पिकअप विसरू नका. टोयोटाची हायलक्स १९६८ पासूनची, डॅटसन ६२० ही १९७२ ते १९७९ मधली. चार सिलिंडर, हलकी, छोट्या गॅरेजात मावते, पेट्रोल कमी पिते. पुढच्या टोयोटात २२आर नावाचं २.४ लिटरचं इंजिन येतं ते फार नावाजलेलं आहे, पण १९८३ पासूनच्यात टायमिंग चेनचे गाइड प्लास्टिकचे आहेत, थंड स्टार्टला पुढून खडखड ऐकू आली तर चेनचं काम आलंय असं समजा. या छोट्या गाड्यांचा एकच खरा शत्रू, गंज. पत्रा पातळ असतो.

वर्षाबद्दल मी एक रेघ मारलीय, १९६७ च्या आधीची गाडी पहिल्या प्रोजेक्टला नको. जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल थेट फ्लोअरला. फोर्ड आणि शेवरोलेच्या पिकअपना १९६७ पासून दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल चाकांकडं ढकलणारा, आला, एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. जुनी गाडी अगदी मनातच भरली असेल तर सगळ्यात आधी हा बदल करून घ्या, त्याचं किट मिळतं. १९७१ पासून सी-१० ला पुढं डिस्क ब्रेकही आले, ते असले तर उत्तमच.

अजून एक, साठीच्या दशकातल्या बहुतेक पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागं असते. सी-१० मध्ये १९७२ पर्यंत तशीच होती. आत बसल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो जुन्या गाडीचा वास नाही, कुठंतरी गळतंय. १९७३ नंतरच्या चौकोनी शेवरोलेत टाकी चासीच्या बाहेरच्या अंगाला आहे, बाजूनं धडक बसली तर काय यावरून मोठा वाद झालेला आहे. दोन्ही प्रकारांत टाकी काढून मागं, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधे न्यायचं काम पुढं करता येतं, हे डोक्यात ठेवा.

शोधायची कशी

घाई करू नका, दोन-तीन महिने नुसतं बघायला द्या. जिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात किंवा समुद्र जवळ आहे तिथल्या गाड्या खालून गेलेल्या असतात, कोरड्या भागातली गाडी लांबून आणायला लागली तरी परवडते. उन्हानं डॅशबोर्ड फुटलेला आणि रंग उडालेला असतो तिथल्या गाड्यांचा, पण ते सगळं वरवरचं.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला सौदा दोन ठिकाणी मिळतो. एक शेतावर कामाला असलेली आणि आता नुसती उभी असलेली गाडी, रंगानं गेलेली पण एकाच मालकाची. दुसरी म्हणजे कुणीतरी सुरू करून सोडलेला प्रोजेक्ट, ज्यात नवे पार्ट खोक्यातच पडलेत. यात दुसऱ्या प्रकाराला जपून, खोलून ठेवलेले पार्ट सगळे आहेत का ते कागदावर लिहून एकेक मोजा. ताजा चकचकीत रंग मारून विकायला काढलेल्या गाडीला मी सगळ्यात जास्त घाबरतो.

कागदपत्रं फोनवरच विचारा. गाडी विकणाऱ्याच्या नावावर आहे का, कर्ज आहे का, नंबर जुळतो का. अमेरिकेत १९८१ पासून चासी नंबर १७ अक्षरांचा झाला, त्याआधीचे छोटे असतात आणि कंपनीप्रमाणं वेगळे, म्हणून नंबर छोटा दिसला तर दचकू नका, पण दाराजवळची पाटी, चासीवरचा ठोकलेला नंबर आणि कागद हे तिन्ही सारखे पाहिजेत. कागद नंतर देतो म्हणाला तर तिथनंच परत फिरा, गाडी कितीही चांगली असो.

गाडी बघायला गेल्यावर

बरोबर टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुना स्क्रूड्रायव्हर, अंगावर जुने कपडे आणि खाली टाकायला पुठ्ठा. आणि पोराला न्या, खाली झोपून बघायचं काम त्यालाच करू द्या.

आमची पहिली गाडी इथंच चुकली. पांढरी, सरळ, इंजिन एका सेल्फला चालू, भाचा तर तिच्याभोवती फिरून फिरून हात लावत होता, मी खाली बघितलं तर सगळीकडं ताजा काळा डांबरासारखा थर मारलेला, मला वाटलं काळजीनं ठेवलीय. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी भाच्यानं रबरी मॅट उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. "मामा, खालची फरशी दिसतेय." त्या काळ्या थराखाली केबिनचे दोन्ही पुढचे माउंट नुसते गंजाचे पापुद्रे होते. ती गाडी आम्ही पार्टांसाठी विकली, आणि खरं सांगतो, त्या पोराचा त्या दिवशीचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. तेव्हापासून ताजा काळा थर दिसला की तो खरवडून बघायची परवानगी मागतो, आणि परवानगी नाही मिळाली तर गाडी घेत नाही.

गंज बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराखालचा पाय ठेवून चढतो तो पत्रा, केबिनचे मागचे खालचे कोपरे, मॅटखालचा फ्लोअर, केबिन चासीवर जिथं बसते ते माउंट, पुढच्या काचेच्या खालचा भाग, छपरालगतची पावसाच्या पाण्याची पन्हळ, चाकांवरच्या कमानी. कोपऱ्यांवर चुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. हौद्याचा पत्रा गेला असेल तर फार मनावर घेऊ नका, तो बदलता येतो, लाकडी फळ्यांचा असेल तर आणखी सोपं. पण चासीवर मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) हँगर जिथं बसतात तिथं नीट बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर झालं, परत निघा.

मग इंजिन. पोचल्याबरोबर बोनेट उघडून इंजिनला हात लावा, गरम असेल तर विकणाऱ्यानं आधी चालवून ठेवलंय, थंड होईपर्यंत थांबा. थंड स्टार्टला खरं काय ते कळतं. निळा धूर नुसता सुरुवातीला आला तर वॉल्व्हचे सील, सतत येत राहिला तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटरचं काम, त्याला घाबरायचं कारण नाही, उलट पोराला शिकायला मिळेल. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि वास गोडसर आहे तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केट. ऑइलची कांडी काढून बघा, ऑइल दुधाळ असलं तरी तोच संशय. सिलिंडरातला दाब मोजायचा कॉम्प्रेशन मीटर कुणाकडून मिळाला तर प्रत्येक सिलिंडर मोजा, आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, सगळ्यात कमी हा सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर त्या सिलिंडरात काहीतरी आहे. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा वर चढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व्ह.

स्टेअरिंग गाडी उभी असताना हलवा, चाक न हलता किती फिरतं बघा. थोडा प्ले सगळ्यांत असतो. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, १९६५ ते १९७९ च्या दोन चाकांना ड्राइव्ह असलेल्या फोर्डमध्ये किंगपिनच असतात आणि ग्रीस न मिळाल्यानं झिजतात. ब्रेक पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवा, हळूहळू खाली जात असेल तर ती गाडी रस्त्यावर चालवून बघायची नाही, ट्रेलरवरच न्यायची.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षं झाली की टायर गेले असं धरा. नुसते तीन आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा.

घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका, विशेषतः म्हाताऱ्या मालकासमोर, त्यानं त्यात आयुष्य काढलेलं असतं. काय काय बदलावं लागेल त्याची यादी शांतपणे वाचून दाखवा आणि आकडा सांगा. पोरानं स्वतः बोललं तर भाव कमी होतो असं माझ्या बघण्यात दोनदा आलंय, गाडी चांगल्या हातात जातेय हे बघून मालकच खाली येतो.

घरी आणल्यावर

पहिलं काम ब्रेक. रंग नाही, चाकं नाही, टेप नाही. जॅकवर उचलून स्टँडवर ठेवल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही, नुसत्या जॅकवर एक मिनिट सुद्धा नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेनं किंवा तोंडानं उडवायची नाही, ओली करून कापडानं पुसायची आणि ते कापड पिशवीत बांधून टाकायचं. तसंच जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

दुसरी गाडी, जी शेवटी टिकली ती, १९७८ ची चौकोनी सी-१०, तिचा मागचा ड्रम भाच्यानं पहिल्यांदा काढला तेव्हा मी बाजूला नुसता बसलो होतो. व्हील सिलिंडरचं रबर त्यानं नखानं जरा मागं ओढलं आणि आतनं चहाच्या रंगाचं ऑइल बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं. "म्हणजे हे आतनं गळत होतं आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं?" असं म्हणाला आणि मग न सांगताच उरलेली तिन्ही चाकं उघडायला लागला. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानं आतनं गंज चढतो, म्हणून सगळं जुनं काढून नवं भरा, आणि रबरी होस तिन्ही बदला, दोन पुढचे आणि एक मागचा.

त्यानंतर पेट्रोल. टाकीतलं जुनं काढून टाका, रबरी पाइप सगळे नवे घाला कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगून फुटतं. शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या इंजिनांच्या वॉल्व्ह सीट मऊ असतात, पण हलक्या वापरात लगेच काही होत नाही, हेड कधी उतरलं तर कडक सीट बसवून घ्या. मग सीट बेल्ट, नसतील किंवा नुसते कमरेचे असतील तर खांद्यावरून येणारे बसवायचे बघा, त्यासाठी केबिनला मजबुतीची प्लेट लागते आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

पॉइंट, कंडेन्सर, प्लग, डिस्ट्रिब्युटरची टोपी, टायमिंग, ही इग्निशनची म्हणजे ठिणगी पाडायची कामं मात्र पोरावर सोडा. चुकला तर बहुतेक वेळा इंजिन चालू होणार नाही एवढंच, गाडीचं सहसा काही वाईट होत नाही. शेवरोलेत १९७५ पासून पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, जुन्या गाडीतही ते बसवता येतं, पण एकदा तरी पॉइंटचा गॅप फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, स्वतः लावू द्या. काढलेला प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोनवर फोटो, आणि बोल्ट छोट्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. आमच्याकडं अशा एकसष्ट पिशव्या झाल्या होत्या आणि गाडी परत जोडताना एकही बोल्ट उरला नाही.

रंगाचं काम सगळ्यात शेवटी ठेवा, गाडी वर्षभर चालवून झाल्यावर.